दारासुरम् ते परंगीपेट्टै : सागराभ्यासाची एक जुनी वाट

कुंभकोणमच्या पश्चिमेस तीन-चार किलोमीटरांवर दारासुरम् हे लहानसे गाव आहे. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात तेथे ऐरावतेश्वराचे मंदिर बांधले. दगडी चाके आणि उधळलेले घोडे कोरून ज्याला रथाचे रूप दिले आहे, तो या मंदिराचा मंडप पाहण्यासाठी दूरदूरचे प्रवासी येतात. २००४ साली हे मंदिर जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले. गावात रेशमाचे हातमाग चालतात, आणि गावाजवळून कावेरीची अरसलार नावाची शाखा वाहते. समुद्र येथून दिसत नाही, त्याचा आवाजही येत नाही. तो पूर्वेस पन्नास-साठ किलोमीटर दूर, कारैकल येथे अरसलारला भेटतो.

शाळेच्या हीरकमहोत्सवी ग्रंथासाठी ‘विद्यापीठातील सागरविज्ञानाचा अभ्यास’ हा विषय निवडल्यावर त्याची सुरुवात अशा समुद्रापासून दूरच्या गावापासून करणे काहींना विचित्र वाटेल. त्याला कारण आहे. दारासुरम्, तरंगंबाडी आणि परंगीपेट्टै ही तीन ठिकाणे एका दिवसाच्या प्रवासात पाहून होतात, आणि तेवढ्या टापूत भारतातील सागराभ्यासाचा सव्वादोनशे वर्षांचा इतिहास विखुरलेला आहे. त्या इतिहासात मराठी माणसे दोन वेळा दाराशी येऊन उभी राहिली होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

चोळांची नौकाबळासाठी ख्याती होती. १०२५ च्या सुमारास पहिल्या राजेंद्र चोळाची गलबते श्रीविजयाच्या राज्यावर, म्हणजे आजच्या सुमात्रा-मलायाच्या बाजूस, चालून गेली. वारे केव्हा फिरतात, प्रवाह कोणत्या महिन्यात कोणीकडे ओढतो, हे ज्ञान त्या नावाड्यांपाशी असल्यावाचून हे घडणे शक्य नव्हते. परंतु ते ज्ञान तांडेलाकडून तांडेलाकडे तोंडी गेले. मंदिराच्या भिंतींवर दानाच्या जमिनींच्या चतुःसीमा कोरल्या गेल्या; वाऱ्यांचे गणित कोणी कोरले नाही.

सतराव्या शतकात एकोजी, म्हणजे व्यंकोजीराजे भोसले, यांनी तंजावर घेतले आणि कावेरीचा हा सुपीक मुलूख पुढील पावणेदोनशे वर्षे मराठ्यांच्या नावाने चालला. या घराण्यातील दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) हे सरस्वती महाल ग्रंथालयामुळे आपणां सर्वांना ठाऊक आहेत. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी लेखही त्यांचाच. मराठी शाळांच्या इतिहासात मात्र त्यांना याहून मोठे स्थान मिळावयास हवे, असे मला वाटते. त्यांनी तंजावरास नागरी लिपीचे मुद्रणालय काढले व त्यातून १८०६ साली इसापच्या गोष्टींचे मराठी रूप ‘बालबोध मुक्तावलि’ या नावाने छापून निघाले. मुंबईत शाळेसाठी मराठी पुस्तके छापण्याचे काम संस्थेच्या पातळीवर सुरू झाले ते १८२० नंतर. म्हणजे मुलांच्या हाती द्यावयाचे छापील मराठी पुस्तक तमिळ देशात आधी तयार झाले होते.

सरफोजींच्या शाळांतून मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत, फार्सी आणि इंग्रजी शिकविली जात असे. त्यांच्या नावावर असलेले ‘देवेंद्र कोरवंजी’ हे मराठी नाटक तर आपल्या विषयाच्या अगदी जवळ येते. कोरवंजी म्हणजे भविष्य सांगणारी डोंगरी बाई. तमिळ रंगभूमीवर ती नायिकेला तिचा प्रियकर केव्हा भेटेल ते सांगते. सरफोजींच्या नाटकात ती इंद्राणीला जगाचा भूगोल सांगते! खंडे, देश, बेटे यांची नावे पदांमधून येतात. नाटक म्हणून ते किती रंगले असेल याविषयी मला शंका आहे. पण विसाव्या शतकापर्यंत वाट न पाहता पृथ्वीचे आधुनिक ज्ञान मराठीत आणि गाऊन पाठ होईल अशा रूपात आणण्याची ती धडपड होती.

ही जिज्ञासा त्यांच्यात आली कोठून? त्यांचे गुरू श्वार्ट्झ हे जर्मन मिशनरी १७५० साली तरंगंबाडीच्या बंदरात उतरले होते. तरंगंबाडी, ज्याला युरोपीय लोक ट्रांकेबार म्हणत, ही डेन्मार्कची वसाहत. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून डेन लोकांनी ती जागा मिळविली. तेथील मिशनऱ्यांत धर्मप्रचाराबरोबर सृष्टिनिरीक्षणाची आवड रुजली होती. त्यांतील क्रिस्टोफ सॅम्युअल जॉन हे १७७१ मध्ये आले आणि १८१३ मध्ये तेथेच वारले. ते शाळा चालवीत आणि फावल्या वेळात किनाऱ्यावरील कोळ्यांकडून मासे व शिंपले मिळवीत. ते मासे बर्लिनमधील मार्कुस एलिएझर ब्लोख नावाच्या वैद्याकडे जात. ब्लोख कधीही हिंदुस्थानात आले नाहीत. तरीही परदेशी माशांवरील त्यांच्या प्रचंड सचित्र ग्रंथमालेत कोरोमंडलच्या माशांना मानाचे स्थान मिळाले, ते जॉन यांच्यासारख्यांनी पाठविलेल्या नमुन्यांमुळे.

१७९३ साली ब्लोख यांनी एका नव्या प्रजातीगटाला जॉन यांचे नाव दिले : जॉनियस. हे नाव ऐकून आपल्यापैकी कोणाच्या मनात काही हलणार नाही. पण कोकणात ज्याला ढोमा किंवा ढोमी म्हणतात आणि जे मासे पावसाळ्याच्या आगेमागे आपल्या बाजारात वाट्यांनी विकले जातात, त्यांतील कित्येक जाती याच जॉनियस गटातल्या. त्यांच्यापैकी ब्लोख यांनी वर्णिलेल्या एका जातीचे शास्त्रीय नाव ‘कारुत्ता’ असे आहे. तमिळमध्ये ‘करुत्त’ म्हणजे काळा, आणि या कुळातील माशांना तमिळ कोळी ‘कत्तलै’ म्हणतात. तरंगंबाडीच्या कोळ्याने आपल्या बोलीत सांगितलेला शब्द मिशनऱ्याने टिपला, बर्लिनच्या वैद्याने त्याला लॅटिनचा वेष चढविला आणि आज जगातील प्रत्येक मत्स्यशास्त्रज्ञ तो उच्चारतो. सांगणाऱ्या कोळ्याचे नाव मात्र कोठेही नाही.

याच तरंगंबाडीत १७९१ साली डाल्डॉर्फ नावाच्या डॅनिश अधिकाऱ्याने ताडाच्या बुंध्यावर चढणारा मासा पाहिल्याचे नोंदविले व १७९७ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. युरोपात त्यावर बराच वाद माजला. तमिळ लोकांना आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते, कारण त्यांच्या भाषेत त्या माशाचे नावच ‘पनैयेरि केंडै’, म्हणजे ताडावर चढणारा मासा, असे आहे. मासा ताडावर खरोखर किती उंच चढतो हा प्रश्न वेगळा. पाण्याबाहेर श्वास घेण्याचे त्याचे खास इंद्रिय मात्र नंतरच्या शरीरशास्त्राने सिद्ध केले.

येथवर पाहता सरफोजींच्या अवतीभोवती सागराभ्यासाचे सारे साहित्य जमले होते, असे म्हणता येईल. ग्रंथ होते, छापखाना होता, शाळा होत्या, प्राण्या-पक्ष्यांची चित्रे काढणारे चितारी होते, शेजारी जॉनसारखे निरीक्षक होते, आणि स्वतःचा किनाराही होता. त्या किनाऱ्यावर त्यांनी मनोरा नावाचा बुरूजही बांधला, तोही नेपोलियनच्या पराभवाचे स्मारक म्हणून! तरी तंजावरात समुद्राचा अभ्यास उभा राहिला नाही. १७९९ मध्ये राज्यकारभार कंपनीकडे गेला होता. राजाच्या हाती किल्ला, नेमणूक आणि पुस्तके उरली. जे काही चालले ते एका माणसाच्या आवडीवर चालले. १८३२ मध्ये सरफोजी गेले, १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजीराजे पुरुष वारसाशिवाय वारले आणि संस्थान खालसा झाले. जॉन यांनी पाठविलेले मासे बर्लिनच्या संग्रहालयात गेले म्हणून ब्लोख यांचा संग्रह आजही अभ्यासकांना पाहता येतो. तंजावरातील ग्रंथ टिकले, पण त्यांच्यावर बसून पुढचा अभ्यास करणारी पिढी टिकली नाही. सरस्वती महाल सर्वांना खुला झाला तो १९१८ मध्ये.

तरंगंबाडीचा शेवटही येथे सांगून टाकतो. १८४५ साली डेन्मार्कने ती कंपनीला विकली आणि हस्तांतराच्या कामगिरीवर जे जहाज आले ते ‘गॅलाथिया’. पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेल्या या जहाजावर शास्त्रज्ञ होते आणि डेन्मार्कच्या सागरी संशोधनाच्या इतिहासात त्या सफरीला मोठे स्थान आहे. वसाहत गेली आणि शास्त्र पुढे गेले, असा तो योग.

दुसरी संधी कुंभकोणमच्या एका सुपुत्रामुळे आली. सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमात, तंजावरच्या मराठी देशस्थ कुटुंबात झाला. त्रावणकोर आणि इंदूर येथील दिवाणगिरीनंतर १८७५ मध्ये ते बडोद्यास आले, आणि सयाजीराव गायकवाड वयात येईपर्यंत संस्थानाचा गाडा त्यांनी हाकला. कारभार खात्यांनी चालावा, व्यक्तीच्या लहरीने चालू नये, ही घडी त्यांनी घातली. पुढे सयाजीरावांनी काठेवाडच्या टोकाशी असलेल्या आपल्या ओखामंडळ महालाच्या समुद्राची शास्त्रीय पाहणी करविली. मद्रास इलाख्याच्या मत्स्यव्यवसायाशी संबंधित असलेल्या जेम्स हॉर्नेल यांनी ती केली आणि तिचे अहवाल १९०९ व १९१६ मध्ये दोन भागांत निघाले. शंख, मोत्यांचे शिंपले, खिडकीच्या तावदानासारखे पातळ शिंपले, स्पंज, वलयांकित कृमी असे तपशील त्यांत आहेत. एका मराठी संस्थानिकाने करविलेली ही पाहणी पश्चिम किनाऱ्याच्या सागरी प्राणिशास्त्रात आजही संदर्भास घेतली जाते. परंतु बडोद्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले १९४९ मध्ये. तोवर अहवाल होता, विद्यार्थी नव्हते.

विद्यार्थी आले ते मद्रासमध्ये. मद्रास विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत आर. गोपाल अय्यर यांच्या हाताखाली तरुणांनी शहराजवळच्या खाड्यांतील मचूळ पाण्याचे जीव अभ्यासले. त्यांतले एन. के. पणिक्कर पुढे १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. वाल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात १९५२ मध्ये अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ यूजीन लाफाँड आले आणि पाण्याचे तापमान, क्षारता व प्रवाह मोजण्याचे शिक्षण तेथे सुरू झाले. समुद्राच्या पदार्थविज्ञानाचे आपल्याकडील शिक्षण बऱ्याच अंशी तेथून वाढले.

आणि परंगीपेट्टै. कुंभकोणमहून चिदंबरमकडे जावे आणि तेथून वेल्लार नदीच्या मुखाकडे वळावे, म्हणजे हे जुने बंदर लागते; इंग्रज त्याला पोर्टो नोव्हो म्हणत. १७८१ मध्ये हैदरअली आणि आयर कूट यांची लढाई येथे झाली. १९२९ साली चिदंबरमात स्थापन झालेल्या अण्णामलै विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्राचे केंद्र येथे १९६० च्या दशकाच्या आरंभी उभे राहिले. प्रा. आर. व्ही. शेषय्या हे त्याचे संस्थापक. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याला लवकरच प्रगत अध्ययन केंद्राचा दर्जा दिला. शेषय्यांचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय जागेचा होता. वर्ग विद्यापीठाच्या मुख्य आवारात न ठेवता नदी, खाडी आणि समुद्र जेथे मिळतात तेथे नेला. भरतीच्या वेळी वेल्लारमध्ये समुद्राचे पाणी चढते, पावसाळ्यात गोडे पाणी त्याला मागे रेटते, आणि एकाच धक्क्यावर उभे राहून विद्यार्थ्याला वर्षभरात क्षारतेचा सारा चढउतार मोजता येतो. दक्षिणेस पिच्चावरमचे तिवरांचे जंगल आहे. बारीक जाळीचे फिरते जाळे ओढून तरंगते सूक्ष्म जीव गोळा करणे, चिखलातील कृमी चाळणे, माशाच्या पोटातील अन्न तपासणे ही कामे पुस्तकावरून येत नाहीत. ती चिखलात उतरूनच येतात.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने हा किनारा धुऊन नेला. एकट्या नागपट्टिणम् जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर परंगीपेट्टै केंद्रातील के. कदिरेसन आणि एन. राजेंद्रन यांनी जवळपासच्या अठरा वस्त्यांची पाहणी केली आणि तिवरांमागे असलेल्या वस्त्यांत हानी कमी झाली, असा निष्कर्ष २००५ मध्ये मांडला. तो जगभर गाजला. पुढच्याच वर्षी इतर संशोधकांनी त्याच आकड्यांची फेरमांडणी करून म्हटले की, वस्ती समुद्रापासून किती दूर आणि किती उंचीवर होती, यानेच बहुतेक फरक उलगडतो. तिवरे तोडावीत असा याचा अर्थ नव्हे. पण ज्यांनी माणसे गमावली त्यांना पुन्हा कोठे वसवावे, हा निर्णय असल्या आकड्यांवर होत असतो, आणि म्हणून आपल्याला आवडणारे उत्तरसुद्धा पुन्हा मोजून पाहावे लागते. विद्यापीठातील शिक्षणाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या पालकांना मी हे उदाहरण सांगतो.

सागरविज्ञान म्हणजे केवळ मासे, हा समजही या त्रिभुज प्रदेशात टिकत नाही. दारासुरम् ज्या मातीवर उभे आहे ती कावेरीने आणलेली आहे. नदीने गाळ आणावयाचा आणि लाटांनी तो वाटून घ्यावयाचा, या व्यवहारावर असा किनारा टिकतो. १९३४ मध्ये मेट्टूरचे धरण पुरे झाल्यापासून गाळाचा मोठा वाटा वरच अडतो. तरंगंबाडीत चौदाव्या शतकाच्या आरंभीचे मासिलामणिनाथाचे मंदिर ऐन पाण्याकाठी आहे. त्याचा पुढचा भाग समुद्राने केव्हाच गिळला. ते गिळणे धरणाच्या फार आधी सुरू झाले होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. लाटा, वारे, भूगर्भ आणि माणसाची करणी यांचे हिशेब वेगळे करणे हे भूशास्त्र आणि गणित जाणणाऱ्यांचे काम आहे, आणि अशा विद्यार्थ्यांची या शाखेत नेहमीच वाण असते.

महाराष्ट्रात मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रा. डी. व्ही. बाळ यांनी बंदरातील सूक्ष्म जीवांपासून मत्स्यव्यवसायापर्यंत संशोधनाची परंपरा घातली. के. वीरभद्र राव यांच्यासह त्यांनी लिहिलेले सागरी मत्स्यव्यवसायावरील पाठ्यपुस्तक देशभर वापरले गेले. १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय, १९६१ मध्ये मुंबईतील केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था, १९८१ मध्ये रत्नागिरीजवळ शिरगाव येथील दापोली कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय हे टप्पे परिचयाचे आहेत. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावला येथे आहे, आणि गोवा विद्यापीठात सागरविज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेता येते. मत्स्यविज्ञानाची पदवी बारावीनंतर चार वर्षांची. सागरविज्ञानाकडे मात्र प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायन, भौतिकी किंवा भूशास्त्र अशा कोणत्याही पदवीवरून वळता येते. ‘मरीन’ म्हटले की व्यापारी जहाजावरील नोकरी डोळ्यांपुढे आणणाऱ्या घरांत एवढा खुलासा पुरेसा व्हावा.

मराठी माध्यमातून गेलेल्या मुलांना या अभ्यासात भाषेची अडचण येते हे खरे. पुस्तके इंग्रजीत, नावे लॅटिनमध्ये. मात्र कामाचा दुसरा भाग मिरकरवाड्याच्या किंवा ससून डॉकच्या धक्क्यावर चालतो. किती मासळी उतरली, कोणत्या जाळ्यात, किती वाव पाण्यातून, याच्या नोंदी तेथे घ्याव्या लागतात, आणि ती माहिती तांडेल इंग्रजीत देत नाही. तो ‘ढोमा’ म्हणतो तेव्हा त्या एका शब्दात तीन-चार निरनिराळ्या जाती असू शकतात. मग विद्यार्थ्याने टोपलीतला प्रत्येक मासा हाती घ्यावयाचा, ज्याने हा मासा गुरगुर आवाज काढतो त्या वाताशयाचा आकार पाहावयाचा, आणि डोके चिरून कानातला खडा काढावयाचा. ढोम्याच्या कुळात हा खडा इतर माशांच्या मानाने चांगला मोठा असतो. त्यावरून जात ओळखता येते, आणि तो घासून भिंगाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वलये दिसतात. ती मोजून माशाचे वय काढतात. तांडेलाने आपल्या अनुभवाने सांगितलेले वय आणि वलयांचे वय नेहमी जुळतेच असे नाही. जेथे जुळत नाही तेथे पुन्हा धक्क्यावर जाऊन त्याच तांडेलाला विचारावे लागते.